उरलेली फुगडी

गीताबाई : पहिले फाटक लाव. अना कोनी आलं तं म्हनजो, सासू-सून धानाचं तणस पाहून राहिल्या.

रुचिका : तणसात पाहण्यासारखं काय असते, आई?

गीताबाई : ते मले काय मालूम? तू शिकेल हायेस, काही बी सांगजो. लावलं का फाटक?

रुचिका : लावलं. आता सांगा तरी. भाजी अर्धी टाकून मला खळ्यावर कशाला आणलं?

गीताबाई : तू परवा ते केलं ना, ते मले शिकव.

रुचिका : मी काय केलं?

गीताबाई : गोऱ्हा सुटला तेव्हा. तू कुंपनावरून उडी मारली, पडली, गोल फिरली अना उभी झाली. डोक्यावरचा पदर बी नाही सरकला. मी सपरीतून पाह्यलं.

रुचिका : आई, कोणी नव्हतं म्हणून केलं हो. पुन्हा नाही करणार.

गीताबाई : मी रागावून नाही राहिली, शिकव म्हनून राहिली.

रुचिका : कोणाला?

गीताबाई : इथं दुसरं कोन हाये? म्हशीले शिकवतेस का?

रुचिका : तुम्हाला कोलांटी मारायची आहे?

गीताबाई : हौ. अना हासू नको. दात दिसून राहिले तुहे.

रुचिका : हासत नाही. पण अचानक?

गीताबाई : अचानक कायचं? लय फिरली मी. पहिले हायस्कूलच्या पीटी मास्तरकडे गेली. तो म्हने, मावशी, मैदानात बाईमानूस पडलं तं मले नोटीस येते. मंग नंदलाल पहेलवानाकडे गेली. त्यानं आखाड्याचं दारच लावून घेतलं. योगाच्या शिबिरात बी जाऊन आली. तिथं सबन बाया आडव्या पडून डोळे लावतात. ते तं मले घरी बी येते.

रुचिका : म्हणजे महिनाभर तुम्ही बचत गटाला म्हणून जात होत्या, ते हे?

गीताबाई : गट गेला चुलीत. शिकवतेस का नाही?

रुचिका : आधी कारण सांगा.

गीताबाई : कारन तुही माय.

रुचिका : हं. वाटलंच मला.

गीताबाई : दिवाळी झाली का मंडईची जत्रा. लग्नानंतरच्या पह्यल्या मंडईले इहीनबाईले बोलवाच लागते, नाही तं लोक नावं ठेवतील. तुही माय येनार. अना ते शेजारची शामकला मोहल्लाभर सांगत फिरून राहिली, का लग्नातली उरलेली फुगडी यंदा मंडईले होनार म्हनून. दोघी इहिनींची.

रुचिका : मग नाही म्हणून टाका. सांगा, गुडघे दुखतात.

गीताबाई : नाही म्हटलं तं म्हनतील, वडेवाली भेऊन गेली.

रुचिका : तुम्हाला कोणी वडेवाली म्हणत नाही, आई.

गीताबाई : चक्कीवर म्हनतात. रेशनच्या लाइनीत म्हनतात. काल तं बसमधी कंडक्टर म्हने, मावशी, वडे कधी?

रुचिका : कंडक्टरने आपल्या लग्नाची सीडी कुठे पाहिली?

गीताबाई : गुड्डूनं देली. माय पडली, अना पोरगा सीडी वाटते! सांग, काय चूक होती माही? लग्न आपल्याच दारी, हळद बी आपल्याच मांडवात. बाया म्हने, दोघी इहिनी फुगडी खेळा. रीतच हाये, धरली फुगडी. अना तुह्या मायनं ऐन जोरात हात सोडला. मी गेली सरळ वड्याच्या डाळीच्या गंजात, एवढ्या मोठ्या पातेल्यात. वाटलेली डाळ. त्यात मी बसली ते बसलीच. बायांनी ओढून काढलं तं लुगडं अर्धं गंजातच.

रुचिका : माय पण पडली होती ना.

गीताबाई : ते पडली बँडवाल्याच्या मांडीवर. त्याले काय पडनं म्हनतात? अना त्या व्हिडिओवाल्यानं मले हळूहळू पडताना दाखवलं. वरतून बासरी वाजवली.

रुचिका : बासरी नको होती, खरं आहे.

गीताबाई : तं मले या बखत पडायचं नाही. अना पडलीच तं तुह्यासारखं पडून उभं राहायचं. तुह्या मायले मात्र पाडायचं.

रुचिका : शिकवते. पण माझं एक काम आहे.

गीताबाई : आली. मले मालूमच होतं.

रुचिका : आश्रमशाळेचं.

गीताबाई : ते नाही.

रुचिका : मग कोलांटी पण नाही.

गीताबाई : अवं, काय समजतेस तू? गावात कोनाची सून रोज बसनं देवरीच्या पुढं जाते? ते बी कायले, तं पोरीले उड्या शिकवायले!

रुचिका : त्यांना खेळाची बाई पाहिजे, आई. मी कॉलेजात पाच वर्षं खोखो खेळली. त्यांनी मला घेतलं. दिवाळीची सुट्टी संपली की हजर व्हायचं, नाही तर दुसरीला घेतील. यांना विचारलं तर म्हणतात, आई म्हणेल ते.

गीताबाई : गुड्डू बराबर बोलला.

रुचिका : तुमच्या बाबतीत ते नेहमी बराबरच बोलतात. सीडी सोडून.

गीताबाई : सीडीचं नाव नको काढू. बरं, आईक. मी जिंकली तं तू जा.

रुचिका : खरं?

गीताबाई : तुह्या मायले सबन बायांसमोर पाडलं, तं तू जाजो देवरीले. नाही पाडलं तं नाव बी नको काढू.

रुचिका : म्हणजे माझ्याच मायला पाडायला मीच शिकवू?

गीताबाई : तुले नोकरी पाहिजे का माय?

रुचिका : दोन्ही.

गीताबाई : दोन्ही तं मले बी कधी नाही भेटलं. चाल, पदर खोच. काय करू मी?

*

रुचिका : आधी पडायचं.

गीताबाई : पडनं मले येते. सीडी हाये त्याची.

रुचिका : तसं नाही. हनुवटी छातीला लावा. पाठ गोल करा. हात आधी टेकायचा नाही, मनगट मोडते. खांद्यावरून लोळायचं. आमचे सर पडायला शिकल्याशिवाय खांबाला हातच लावू देत नव्हते.

गीताबाई : हनुवटी लावली तं पोत टोचते.

रुचिका : पोत मागे पाठीवर टाका.

गीताबाई : टाकली.

रुचिका : आता लोळा. घाबरू नका, तणस भरपूर आहे.

गीताबाई : ... लोळली का मी?

रुचिका : तुम्ही झोपल्या.

गीताबाई : हे तं शिबिरातलंच झालं.

रुचिका : जोर लावा ना थोडा. पाय ढकला.

गीताबाई : ढकलून तं राहिली! पाय म्हनतेत, तू जा, आम्ही येतो मांगून.

रुचिका : डोळे कशाला मिटता? डोळे उघडे ठेवा. मी धरते. चला, एक, दोन...

गीताबाई : माय वं!

रुचिका : झाली! आई, झाली! बसल्या तुम्ही!

गीताबाई : झाली? थांब, मले कुठी पूर्व कुठी पश्चिम कळून नाही राहिली. फिरली का मी पूर्न?

रुचिका : पूर्ण. फक्त केसात तणस आहे.

गीताबाई : राहू दे. परत करू. म्हशीले बी पाहू दे.

रुचिका : हळू, हळू! आई, तुमचं अंग मोकळं आहे. पहिल्या आठवड्यात आमच्या पोरींना नव्हतं जमत.

गीताबाई : लहानपनी मी बांधाच्या पारीवरून तलावात उडी मारो. पाठीकडून. हवेत पलटी खाऊन. पोट्टे पाहत राहत. एक रोज माह्या बापानं पाह्यलं, अना त्याच साली लग्न लावून देलं.

रुचिका : मग?

गीताबाई : मंग काय? तेव्हापासून तलावातून पानीच आनलं. उडी नाही मारली.

रुचिका : माझ्या बाबांनी तर खेळू दिलं मला. लग्न झाल्यावर मीच बंद केलं. कोणी मना नाही केलं, पण सून पळते कुठे? आई, खरं सांगू? मला पळावंसं वाटते. रोज वाटते. रात्री झोपेत पाय हालतात माझे.

गीताबाई : मालूम हाये. गुड्डू म्हने, माय, हे मले लाता मारते.

रुचिका : असं सांगितलं त्यांनी?

गीताबाई : त्याच्या पोटात काही राहते का? पन रुचिका, मी बी तुले खरं सांगते. लोकायचं मी तोंडानं म्हनते. लोक गेले खड्ड्यात. मले भेव वाटते. गुड्डू ट्रकवर गेला का पंधरा पंधरा रोज येत नाही. तुहे सासरे सकाळी जंगलात जातात, संध्याकाळी आले का रेडिओ लावतात. रेडिओले हौ म्हनतात, मले नाही. तू आली तं घरात आवाज झाला. आता तू बी पह्यल्या बसनं गेलीस तं मी कोनाशी भांडू?

रुचिका : ... हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?

गीताबाई : कायले सांगू? मंग तू गेली नसती. अना सबन उमर मले पाहून तोंड वाकडं केलं असतं.

रुचिका : मी संध्याकाळी परत येते ना, आई. तेव्हा भांडू.

गीताबाई : पाहू. पह्यले मले जिंकू दे. पुढचं शिकव.

रुचिका : हात द्या. बोटं नाही, मनगट धरायचं. मी तुमचं, तुम्ही माझं. पाय पायाला चिकटवा. आता मागे झुका. अजून. सगळा भार माझ्यावर टाका.

गीताबाई : तुह्यावर टाकते. पन त्या दिवशी तुह्या मायवर टाका लागन ना?

रुचिका : हो. ती तुमच्यावर टाकेल, तुम्ही तिच्यावर. फुगडी त्याशिवाय फिरत नाही.

गीताबाई : पाडायच्या बाईवर भार टाकू? हे कोनतं शास्त्र?

रुचिका : फुगडीचं. आणि हाताला राख लावायची, घसरत नाही. आई, एक विचारू? हळदीच्या दिवशी तुमचे हात धुतलेले होते का?

गीताबाई : धुतलेले कुठचे? नवरदेवाची माय मी. कोपरापर्यंत हळद होती.

रुचिका : आणि माय तेल लावून राहिली होती मला. तिचे हात तेलाचे.

गीताबाई : मंग?

रुचिका : मंग काय आई! हळदीचा हात आणि तेलाचा हात, राहतो का धरून? मी ती सीडी कितीदा पाहिली आहे. हळूहळू फिरवून दाखवलं ना, त्यात साफ दिसते. तिची बोटं शेवटपर्यंत घट्ट आहेत, तुमची पण. कोणीच सोडला नाही. घसरला.

गीताबाई : तू तुह्या मायकडून बोलून राहिली.

रुचिका : तुम्ही एकदा पाहून घ्या.

गीताबाई : मी नाही पाहत ते.

रुचिका : बासरीचा आवाज बंद करून पाहू.

गीताबाई : ... नाही सोडला म्हनतेस?

रुचिका : नाही.

गीताबाई : मंग मी सहा महिने तिच्याशी काऊन नाही बोलली?

रुचिका : ते मला काय माहीत.

गीताबाई : ... तरी बी पाडनार. आता एवढी शिकली तं. लाव राख.

*

पार्वताबाई : हॅलो, रुची? सासू जवळ आहे का?

रुचिका : नाही, माय. त्या खळ्यावर कोलां... काम करून राहिल्या. बोल ना.

पार्वताबाई : आवाज एकदम कमी येऊन राहिला तुझा.

रुचिका : छतावर उभी आहे. खाली रेंज नाही. गोंदियात सगळे बरे?

पार्वताबाई : सब ठीक. ऐक, तुझ्या सासूने मंडईचं बोलावणं पाठवलं. सोबत निरोप काय, तर इहीनबाईला म्हणा, पोट भरून खाऊन या, ताकद लागेल. हे काय आमंत्रण झालं? ही तर धमकी आहे.

रुचिका : गंमत केली असेल, माय.

पार्वताबाई : गंमत मलाही येते. मी क्लास लावला.

रुचिका : कशाचा?

पार्वताबाई : डान्सचा. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर नाही का, पोरींचा. मी एकदम मागे उभी राहते. पहिल्या दिवशी मास्टर म्हणाला, आंटी, बच्ची को अंदर भेजो. मी म्हटलं, भैया, बच्ची मैं ही हूँ.

रुचिका : माय!

पार्वताबाई : मग काय करू? तो चक्कर घ्यायला शिकवतो ना. आता डोकं गरगरत नाही माझं. पण हाताचं त्याला समजत नाही. तू सांग, हात सुटला नाही पाहिजे, तर काय करायचं?

रुचिका : मला नको विचारू.

पार्वताबाई : काऊन? लग्न झालं तर सासूची झाली का तू?

रुचिका : तसं नाही गं.

पार्वताबाई : देख रुची, तिने हात सोडला आणि मी बँडवाल्याच्या मांडीवर जाऊन बसली. तो बिचारा वाजवतच राहिला. आता गल्लीतून कोणाची वरात गेली की शेजारीण मला आवाज देते, पार्वताबाई, चला, तुमची जागा रिकामी आहे. तुझे बाबा पण हासतात. मला रडू येते, समजलं का? एवढ्या हौसेने आली होती मी तुझ्या सासरी. म्हटलं, एकच पोरगी, आता ही इहीनच आपली मैत्रीण होईल. आणि तिने भर मांडवात...

रुचिका : त्यांनी नाही सोडला, माय. तुझा हात तेलाचा होता.

पार्वताबाई : आता तेलाचा दोष?

रुचिका : मनगट धर. बोटं नाही. हाताला राख लाव. आणि मागे झुकायचं, सगळा भार समोरचीवर टाकायचा. पडलीच तर हनुवटी छातीला आणि खांद्यावरून लोळायचं. गादी टाकून कर, दिवाणावरून उड्या नको मारू.

पार्वताबाई : थांब, थांब. हनुवटी कुठे म्हटलं?

रुचिका : छातीला.

पार्वताबाई : आणि नोकरीचं काय झालं? हो म्हटलं का सासूने?

रुचिका : मंडईनंतर सांगतील.

पार्वताबाई : मंडईचा आणि नोकरीचा काय संबंध?

रुचिका : काही नाही.

पार्वताबाई : तू काही तरी लपवून राहिली, रुची.

रुचिका : माय, बॅलन्स संपून राहिला, ठेवते.

पार्वताबाई : अगं, फोन मी लावला आहे!

*

गीताबाई : या इहीनबाई, या. अंगनात एवढ्या बाया जमल्या, सबन तुमचीच वाट पाहून राहिल्या.

पार्वताबाई : नमस्कार, इहीनबाई. अंगणात एवढं तणस कशाला टाकलं? गाई बसणार आहेत का?

गीताबाई : पाहुन्यायसाठी. थंडी हाये ना.

पार्वताबाई : वा! आणि वड्याची डाळ दिसत नाही कुठे?

गीताबाई : घरात हाये. कडी लावून. अना बँडवाल्याले बी यंदा नाही बोलावलं.

रुचिका : आई, माय, चहा घेता का आधी?

गीताबाई : चहा मंग. शामकला कवापासून टाळ्या वाजवून राहिली. या इहीनबाई, धरा.

पार्वताबाई : धरते. बोटं नको, मनगट द्या.

गीताबाई : ... मनगटाचं तुम्हाले कोनी सांगतलं?

पार्वताबाई : मास्टरने. तुमच्या हाताला हे पांढरं काय लागलं?

गीताबाई : चुलीची राख. तुमच्या हाताले काय हाये?

पार्वताबाई : पावडर आहे. चेहऱ्याची.

रुचिका : सुरू करा ना! बाया थांबल्या आहेत.

गीताबाई : भार टाका, इहीनबाई. मांगं झुका.

पार्वताबाई : तुम्ही आधी.

गीताबाई : मी झुकली. आता पाहा!

पार्वताबाई : फिरा, फिरा! मला काही होत नाही. मी रोज चक्कर घेते.

गीताबाई : मी बी रोज लोळते!

पार्वताबाई : काय?

गीताबाई : काही नाही! जोर लावा! बस, एवढाच जोर? गोंदियाचं पानी कच्चं हाये!

पार्वताबाई : तुमच्या तलावाचं पाहून घेऊ! घ्या!

रुचिका : आई, हळू! माय, पाय उचलू नको!

गीताबाई : दम लागला का, इहीनबाई?

पार्वताबाई : बिलकुल नाही! तुम्हाला?

गीताबाई : नाही... लागला! सोडता का मंग हात?

पार्वताबाई : मी कशाला सोडू? तुम्हीच सोडाल, मागच्यासारखा!

गीताबाई : मी सोडला होता? मी?

पार्वताबाई : मग कोणी?

गीताबाई : अवं, कोनीच नाही सोडला! हळद होती! तुह्या हाताले तेल होतं, माह्या हाताले हळद! तुही पोरगी म्हनते, सीडीत दिसते!

पार्वताबाई : मग आपण कशाला फिरून राहिलो?

गीताबाई : तुले पाडायसाठी! पडून जा ना वं! तू पडली तं तुही पोरगी नोकरीले जाते!

पार्वताबाई : काय? काय म्हटलं?

गीताबाई : मी जिंकली तं तिले जाऊ देनार, असं ठरलं हाये आमचं!

पार्वताबाई : आधी नाही सांगायचं? सोडते मी! हे घ्या, सोडला!

गीताबाई : खबरदार! सोडशील तं पाह्य!

पार्वताबाई : अगं, सोड मनगट! पडू दे मला!

गीताबाई : नाही सोडत! असं फुकटचं जिंकनं मले नाही पाहिजे! परत लोक म्हनतील, एकीनं सोडला! गाव सीडी काढन!

पार्वताबाई : पोरीची नोकरी जाईल, बाई!

गीताबाई : नाही जाइन! जोर लाव!

पार्वताबाई : जोर संपला माझा! रुची! थांबायचं कसं?

गीताबाई : हौ वं, थांबायचं कसं? ते तं शिकवलंच नाही!

रुचिका : अरे देवा! ते राहूनच गेलं! दोघी खाली बसा! एकदम!

गीताबाई : तू बस पह्यले!

पार्वताबाई : तू बस! तुझं घर आहे!

रुचिका : कोणी पहिले नाही! मी तीन म्हटलं की दोघी! आणि हनुवटी छातीला! एक, दोन, तीन!

(दोघी एकदमच तणसावर लोळतात आणि उठून बसतात. अंगणातल्या बाया टाळ्या वाजवतात.)

पार्वताबाई : इहीनबाई... जिवंत आहे का?

गीताबाई : हाये. तू?

पार्वताबाई : आहे. केसात तणस आहे तुझ्या.

गीताबाई : तुह्या बी. थांब, काढून देते. एक मिनिट. तू आता पडली कशी?

पार्वताबाई : कशी म्हणजे?

गीताबाई : हनुवटी छातीले. खांद्यावरून. हात नाही टेकला. हे तुह्या डान्सच्या मास्टरनं शिकवलं?

पार्वताबाई : हो... म्हणजे... तू पण तशीच पडली की!

गीताबाई : रुचिका.

रुचिका : चहा ठेवायला जाते मी.

गीताबाई : इकडं ये. चहा कोठी पळून नाही राहिला. तुह्या मायले कोनी शिकवलं?

रुचिका : फोनवर. थोडंसं.

पार्वताबाई : आणि सासूला?

रुचिका : खळ्यावर. थोडं जास्त.

गीताबाई : म्हंजे मले म्हने, पाडा. अना तिले म्हने, पडू नको.

रुचिका : मी काय करणार? एक माझी माय, एक माझी सासू. कोणी एक पडली असती तर मला आवडलं असतं? तुम्ही म्हटलं होतं, नोकरी पाहिजे का माय. मी दोन्ही म्हटलं. तेव्हाच सांगितलं होतं मी.

पार्वताबाई : पोरगी चलाख आहे. ही कोणावर गेली?

गीताबाई : मालूम नाही. घरी आली तेव्हा गाय वाटली होती मले.

रुचिका : पण आई, जिंकलं तर कोणीच नाही.

गीताबाई : हौ. तेच पाहून राहिली मी.

रुचिका : मग मी आश्रमशाळेला नाही म्हणून कळवते. सुट्टी संपायच्या आधी सांगावं लागते.

पार्वताबाई : इहीनबाई, अशी कशी शर्त? मी सोडत होती, तूच नाही सोडला हात!

गीताबाई : नाही सोडला. बराबर हाये.

पार्वताबाई : मग?

गीताबाई : मंग काय? शामकले, आता टाळ्या पुरे कर, घरातली डाळ आन अंगनात. तळू वडे. कोनाले काय म्हनायचं ते म्हनू द्या. अना इहीनबाई, तू आजच गोंदियाले नको जाऊ.

पार्वताबाई : का गं?

गीताबाई : चार रोज राह्य. सोमवारी तुही पोरगी पह्यल्या बसनं गेली का, आपन दोघी खळ्यावर जाऊ. थांबायचं काही आपल्याले अजून येत नाही.